ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस

हार्नेस म्हणजे छाती-पोटाभोवती बांधायचे पट्टे. त्याची कडी पाठीवर असेल तर कुत्रा सगळं वजन छातीवर टाकून बैलगाडीसारखा ओढतो. छातीवरच्या कडीत दोरी अडकवली की ओढताक्षणी त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, त्याला पूर्ण जोर लावता येत नाही. गळ्यावर ताण नाही, म्हणून चोक चेनपेक्षा (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) हा शंभरदा बरा.

माप मात्र नीट घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं सरकावीत, पोटाचा पट्टा कोपरापासून तीन-चार बोटं मागे हवा. पुढे सरकला तर बगल सोलवटते. पावसाळ्यात ओल्या नायलॉनने जास्तच. गावठी कुत्र्यांची छाती अरुंद असते, ती घाबरली की मागे सरकून हार्नेसमधून निसटतात. त्यांच्यासाठी कमरेशी तिसरा पट्टा असलेला घ्या, किंवा जोडदोरीने हार्नेस गळपट्ट्याला बांधा.

नुसत्या हार्नेसने सवय मोडत नाही. दोरी साधी, दीड-दोन मीटरची; आपोआप गुंडाळणारी नको, ती सतत ताण ठेवते. दोरी ताणली की थांबा. सैल झाली की लगेच गुडघ्याजवळ वाटाण्याएवढा चिकनचा तुकडा द्या, मगच पुढचं पाऊल. असा दहा मिनिटं सराव पुरे. कधी थांबायचं, कधी ओढू द्यायचं असं केलंत तर तो आणखी चिवटपणे ओढायला शिकतो.