जर्बिलसाठी काचेची टाकी: पैसे वसूल, पण झोपेची गॅरंटी नाही

इकडे यूकेत लेकीच्या हट्टापायी दोन जर्बिल, म्हणजे उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी, आणले (एकटा आणू नका, जोडीच लागते त्यांना) आणि आधीच्या तारेच्या पिंजऱ्यात रात्रभर गज कुरतडायचा जो काही कर्रकर्र आवाज यायचा ना, शेजाऱ्यांनी तक्रार कशी केली नाही देव जाणे. म्हणून ही चार फुटी काचेची टाकी घेतली, वर जाळीचं झाकण. एकदम बेस्ट! गजच नाहीत तर चावणार काय. आत 25-30 सेंटीमीटर कागदी बेडिंग आणि वाळकं गवत दाबून भरलं की बोगदे खणण्यात गुंग होतात, मूळचे मंगोलियाकडचे, बिळात राहायची सवय. भरलेली टाकी मात्र जाम जड, जागा आधीच ठरवा.

सोबत आलेलं प्लॅस्टिकचं घर आणि त्यांना पळायचं चाक फालतू. घराचा पार भुगा केला, तुकडे पोटात गेले तर धोका, म्हणून काढूनच टाकलं. चाक रात्री खडखडतं, लाकडी घ्या.

बाकी कुरतडणं बंद होणार नाहीच, दात आयुष्यभर वाढतच राहतात त्यांचे. टॉयलेट रोलची नळकांडी, सफरचंदाच्या झाडाच्या काड्या द्या, पुठ्ठ्याची खरखर सहन होते. मधेच मागचे पाय धडधड आपटतात, ते बहुतेक घाबरल्यावर. आणि बेडरूममध्ये अजिबात ठेवू नका, जरा झोपतात, जरा उठतात, दिवसरात्र हेच.

चार स्टार, एक त्या चाकासाठी कापला.