बागेचं पाणी: भिंतीवरचा कंट्रोलर की नळावरचा टायमर?

घरापुढच्या हिरवळीला आपोआप पाणी द्यायचं म्हटलं की आपल्याकडे निवड शेवटी दोघांतच येते. भिंतीवरचा चार-सहा स्टेशनचा, म्हणजे बागेच्या तितक्या भागांना आळीपाळीने पाणी सोडणारा विजेवरचा कंट्रोलर, नाहीतर नळालाच लावायचा सेलवरचा टायमर. मी दोन्ही वापरलेत.

सोयी बघाल तर कंट्रोलर सरस. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत तर विशेष. ती पाणी सावकाश पिते. सलग पंधरा मिनिटं सोडलं की बरंचसं गटारात. त्यापेक्षा पाच-पाच मिनिटांचे तीन हप्ते बरे, म्हणजे एकाच प्रोग्रॅमला तीन स्टार्ट टाइम, पाणी सुरू व्हायच्या वेळा. खानापूरच्या तांबड्या मातीत एवढं नडत नाही. एक ध्यानात ठेवा, स्टार्ट टाइम प्रोग्रॅमचा असतो, स्टेशनचा नव्हे. प्रत्येक स्टेशनला वेगळा द्यायला गेलात तर अख्खी बाग तितक्यांदा भिजते.

मला नडलं ते घड्याळ. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत लाईट गेलीच म्हणून समजा. प्रोग्रॅम शाबूत राहायचा, पण घड्याळ बारावर येऊन लुकलुकत बसायचं. लाईट सकाळी आठला आली तर कंट्रोलरच्या लेखी तेव्हा मध्यरात्र. मग पहाटे सहाचं पाणी दुपारी दोनला, रणरणत्या उन्हात. बॅकअपचा सेल असतो हो, पण तो संपलाय हे लाईट गेल्यावरच कळतं. गावाला गेलो की शेजारच्या काकूंना फोन करायचा, "काकू, तेवढं घड्याळ लावता का?" शेवटी त्याच म्हणाल्या, "त्यापेक्षा मी पाईप धरून पाणी घालते की रे!"

टायमरला लाईटचं सोयरसुतक नाही. लाईन मात्र बहुधा एकच मिळते. त्यातही नुसत्या डायलचा नको. तो फिरवल्या क्षणापासून मोजतो, म्हणजे पहाटे सहाला पाणी हवं तर लावायलाही पहाटे सहालाच उठा. डिजिटल घ्या, आणि बॉल व्हॉल्व्हचाच, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी सोडणारा. दहा मीटर उंचीच्या टाकीचा दाब जेमतेम एक किलो. बैठ्या घराच्या टाकीचा त्याहून कमी, आणि सोलेनॉइडवाले, म्हणजे विद्युतचुंबकाने झडप उघडणारे, तिथे अडखळतात. एवढ्या दाबावर जमिनीतून वर येणारे पॉप-अप स्प्रिंकलर काही उठत नाहीत, मायक्रो स्प्रिंकलरवर भागवावं लागतं.

मोठं आवार, पंप आणि कंट्रोलरला इन्व्हर्टरची लाईन असेल तर कंट्रोलर घ्यावा, नाही म्हणणार नाही. गुंठाभर अंगणाला मी तरी टायमरच लावेन. जूनमध्ये पाऊस लागला की सेल तेवढे काढून ठेवा, दमटपणात पट्ट्या गंजतात.