नोकरीची हमी देणारं टेक्निकल कॉलेज: कोल्हापुरात आम्हाला आलेला अनुभव

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात रिक्षांच्या मागे, बसथांब्यांवर, ज्युनिअर कॉलेजच्या गेटाबाहेर त्याच त्या जाहिराती दिसायला लागतात. सीएनसी-व्हीएमसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आणि मिलिंग मशिनं), इलेक्ट्रिकल, एसी-फ्रीज दुरुस्ती, शंभर टक्के नोकरीची हमी, भारत सरकार मान्यताप्राप्त. ज्यांच्या घरी यंदा असं पोर आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी हे जरूर वाचावं. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जे घडलं ते लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय अशा संस्था बोर्ड बदलतात, पद्धत तीच ठेवतात. ती पद्धत ओळखता आली पाहिजे.

आम्ही भुदरगड तालुक्यातले. भाऊ बारावी सायन्स झाला, टक्के बेताचे. मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका दुकानाचे हिशेब बघते, त्यामुळे घरची शहरातली सगळी कामं माझ्याकडे. भावाच्या कॉलेजात 'करिअर मार्गदर्शन शिबिर' झालं, त्यात प्रत्येक मुलाकडून फॉर्मवर घरचा फोन नंबर लिहून घेतला. मग आबांना फोन यायला लागले. "काका, जागा संपत आल्यात. आज बुकिंग केलं तर स्कॉलरशिप मिळेल." आबांना ते पटलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. शिरोलीत, गोकुळ शिरगावात कारखाने आहेत, कागलला फाइव्ह स्टार एमआयडीसी आहे, फौंड्र्यांना आणि मशिनशॉपला माणसं लागतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उद्यमनगरात लेथवर काम करून घर उभं केलेली माणसं आमच्याच गावात आहेत. या लोकांची खोटी गोष्ट अशा खऱ्या गोष्टीच्या आधारानं उभी राहते, म्हणून ती पटते.

संस्थेच्या ऑफिसात गेल्यावर काउन्सेलरनं समोर एक जाड फाइल ठेवली. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली एकेक सर्टिफिकेटं. आयएसओ 9001, उद्यम नोंदणी, 1860 च्या कायद्याखालची संस्थेची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. अशोकस्तंभ, शिक्के, क्यूआर कोड, सगळं जागच्या जागी. "मॅडम, स्कॅन करून बघा की," असं ती काउन्सेलर स्वतःहून म्हणाली. मी स्कॅन केलं. नोंदी खऱ्या निघाल्या.

आता यातल्या एकेका कागदाचा अर्थ सांगते, कारण सगळी फसवणूक इथंच आहे. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योगाची नोंद. ती ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. पिठाची गिरणीवालाही ती करू शकतो. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट, ते खासगी प्रमाणन कंपन्या देतात आणि त्यात अभ्यासक्रम कसा आहे हे कुणी तपासत नाही. संस्थेची नोंदणी म्हणजे अशी एक संस्था कागदोपत्री अस्तित्वात आहे, एवढंच. दर्पण हे स्वयंसेवी संस्थांचं पोर्टल. एकही कागद खोटा नव्हता, आणि एकाही कागदाचा माझा भाऊ जो कोर्स करणार होता त्याच्याशी संबंध नव्हता. 'भारत सरकार मान्यताप्राप्त' हे शब्द मात्र या कागदांच्या जोरावरच छापले होते.

मग वर्कशॉप दाखवलं. काचेच्या पलीकडे नवा कोरा सीएनसी लेथ, वर दिवे, बाजूला निळ्या एप्रनमधली दोन मुलं. त्या दिवशी आत सोडलं नाही, "सेफ्टी" म्हणाले. पुढे तक्रारीच्या वेळी मी आत जाऊन ते मशीन जवळून पाहिलं. लोखंडाचा तुकडा धरणाऱ्या चकच्या जबड्यांवर एक ओरखडा नव्हता. कूलंटची टाकी कोरडी होती. खाली ट्रेमध्ये लोखंडाचा कणभर कीस नव्हता, आणि मागे केबलचा गुंडाळा टेपनं जसाच्या तसा बांधलेला होता. त्या मशीनला वीजच जोडलेली नव्हती.

फी 85,000 रुपये. एवढी रोकड आमच्याकडे नाही म्हटल्यावर काउन्सेलर लगेच म्हणाली, "बिनव्याजी हप्ते आहेत की." फोनवर एक अ‍ॅप उघडलं, माझं आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. भावाला उत्पन्न नाही म्हणून कर्ज माझ्या नावावर. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकलं आणि तिथं कुणीही 'कर्ज' हा शब्द उच्चारला नाही, 'ईएमआयची सोय' म्हणत राहिले. प्रत्यक्षात झालं ते असं: एका फायनान्स कंपनीनं माझ्या नावावर कर्ज दिलं, पैसे थेट संस्थेच्या खात्यात गेले, आणि माझ्या बँक खात्यातून दरमहा हप्ता आपोआप कापला जाईल अशी परवानगी नोंदवली गेली. म्हणजे शिकवायच्या आधीच संस्थेला तिचे पैसे मिळाले. पुढे कोर्स चांगला निघो, वाईट निघो, बंद पडो, हप्ता चालूच. फायनान्स कंपनी म्हणते, शिक्षणाचं तुमचं तुम्ही बघा. हप्ता थांबवला तर बाउन्स चार्ज आणि सिबिलवर डाग. आबा दुधाच्या बिलातून मला पैसे पाठवतात आणि मी हप्ता भरते, आजही.

यातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. कर्ज देणाऱ्यानं एकूण खर्च आणि वार्षिक दर एका तक्त्यात मांडून ग्राहकाला द्यायलाच पाहिजे, आणि विचार बदलला तर ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. ही मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. म्हणून सही केली त्याच रात्री तो तक्ता उघडून वाचा.

कोर्स सुरू झाला. पहिले काही आठवडे इंग्लिश स्पीकिंग आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. मग पडद्यावर जी-कोड, एम-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा. जी 00 म्हणजे वेगानं जाणं, जी 01 म्हणजे सरळ कटिंग, एम 03 ला स्पिंडल सुरू. भावानं ते सगळं पाठ केलं, पोरगं मन लावून शिकत होतं. पण मशीनवर घडवायचा लोखंडाचा तुकडा एकदाही हातात दिला नाही. शिकवणारे सर दर थोड्या दिवसांनी बदलायचे. "प्रॅक्टिकल शेवटच्या टप्प्यात," हे उत्तर ठरलेलं.

शेवटी 'प्लेसमेंट' आली. शिरोलीतल्या एका मशिनशॉपमध्ये मुलाखत. सुपरवायझरनं टर्निंग केलेलं एक बुश आणि व्हर्नियर भावाच्या हातात दिलं. "ह्याचा ओडी सांग बघू," म्हणजे बाहेरचा व्यास. भावानं व्हर्नियर धरला, जबडा नीट टेकवला, मुख्य पट्टीवरचं माप वाचलं आणि तिथंच थांबला. दुसऱ्या पट्टीवरची कुठली रेघ जुळते ते बघून शंभरातले भाग कसे मोजायचे, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. आयटीआयच्या पोराला पहिल्या काही महिन्यांत येणारी गोष्ट ही. तो सुपरवायझर भला माणूस. ओरडला नाही. "बाळा, तुला कधी हातात दिलाच न्हाई का रं?" म्हणाला, आणि त्यानंच बसून शिकवलं. 0.02 ची व्हर्नियर, 0.01 चा मायक्रोमीटर, दोन्ही. मग विचारलं, "एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट हाय का?" म्हणजे आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेचं. भावानं संस्थेचं रंगीत सर्टिफिकेट पुढं केलं. "हे चालत न्हाई बाळा. हेल्पर म्हणून ये पाहिजे तर." भाऊ मला ते सांगताना रडला नाही, पण "ताई, मला खरंच काय येत न्हाई गं," असं म्हणाला, आणि त्याचा राग मला अजून आहे. शिकायला तयार असलेल्या पोराला आपण नालायक आहोत असं वाटायला लावलं या लोकांनी.

हेल्परची ती नोकरीही ठेकेदाराकडून, पगारातून कपात. आणि मुलाखतीला पाठवायच्या आधीच संस्थेनं एका फॉर्मवर त्याची सही घेतली होती: 'मला नोकरीची संधी मिळाली, माझी तक्रार नाही.' हमी संपली. अशा कागदावर मुलांनी सही करू नये, केलीच तर फोटो काढून ठेवावा.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला 'व्हेरिफिकेशन'साठी ठेवून घेतले होते. भावाला मधेच सोडून आयटीआयला जायचं होतं, पण मूळ कागदांशिवाय प्रवेश पक्का होईना आणि संस्था म्हणे उरलेली फी आणा, कागद न्या. ते वर्ष गेलं. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) त्यांच्याकडच्या खऱ्या, मान्य महाविद्यालयांनाही मूळ कागद अडवून ठेवू देत नाहीत. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घेऊनच उठायचं.

मान्यता कशी तपासायची ते सांगते. आयटीआयचा ट्रेड असेल तर संस्थेची नोंद केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या यादीत असते, परीक्षा अखिल भारतीय असते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. सहा महिन्यांत 'आयटीआय समकक्ष' म्हणणाऱ्याला तिथंच रामराम करा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा चार आकडी संस्था क्रमांक मागा. छोटे कोर्स असतील तर राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्याच कोर्सचं नाव शोधा. संस्थेचं नाव सापडलं पण कोर्सचं नाही, असंही होतं. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या भरतीत पात्रतेची अट कशी लिहिलेली असते ते एकदा वाचा आणि आपलं सर्टिफिकेट त्यात बसतं का, हे संस्थेकडून लेखी घ्या. आणि बारावी सायन्सच्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट त्या करिअर मार्गदर्शन शिबिरात कुणीच सांगितली नाही. शासकीय आयटीआय कळंबा रोडला आहे, प्रवेशाच्या दिवसांत तिथं जाऊन विचारलं तर एक पैसा न घेता माहिती मिळते.

तक्रारीचं थोडक्यात. पोलिसांत लेखी अर्ज दिल्यावर मूळ कागद परत मिळाले. पैसे मिळालेले नाहीत. जाहिरातीत स्वतःला कॉलेज म्हणवणाऱ्यांनी उत्तरात 'आम्ही खासगी प्रशिक्षण केंद्र आहोत, नोकरीची हमी तोंडी दिलेली नाही' असं लिहिलं. पण माहितीपत्रकावर शंभर टक्के हमी छापलेली आहे आणि ते मी जपून ठेवलंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंग क्षेत्रातल्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नोकरीच्या हमीसारखे दावे करायला मनाई आहे. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं, चौकशीचा नंबर 14448. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

भाऊ यंदा मशिनिस्ट ट्रेडसाठी आयटीआयचा अर्ज भरतोय.

त्या बॅचमधली मुलं किंवा त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर पावती, माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आणि हप्ते कापल्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा, एकत्र तक्रार करू. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि आधीच्या बॅचमधल्या काही मुलांची ती येत्या काही महिन्यांत संपते.