मणके जोडायचे की हलती गादी बसवायची? एकाच घरातले दोन अनुभव

आमच्या घरात कमरेची दोन ऑपरेशनं झाली. थोरल्या चुलतभावाचे, म्हणजे दादाचे, मणके स्क्रू घालून जोडले. त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या दोन मणक्यांमधली झिजलेली गादी (डिस्क) काढून तिथे कृत्रिम गादी बसवली. जागा दोघांची तीच, एल चार-पाच, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली. द्राक्षबागाही शेजारी-शेजारी, तासगाव तालुक्यात, आणि दोघांनीही पंधरा-वीस वर्षं ट्रॅक्टरवर हादरे खात ब्लोअरने औषध मारलेलं. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन हे सगळं दोघांचं करून झालं होतं. तुमचंही इथवर आलं असेल आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले असतील, तर पुढचं वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. गादीचा तुकडा सुटून नस दाबत असेल आणि मुख्य त्रास पायातल्या कळेचा असेल, तर बहुतेकदा तेवढा तुकडा काढून भागतं. मग ना स्क्रू लागतात, ना नवी गादी. आमचं तसं नव्हतं. आमची गादीच झिजून बसली होती आणि अर्धा तास बसलं की कंबर धरायची.

दादाच्या ऑपरेशनबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण त्याचं दुखणं गेलं. मणके जोडले की माणूस ओंडक्यासारखा ताठ होतो, ही भीती निदान एका जागेच्या ऑपरेशनपुरती तरी मनातून काढा. दादा आज मांडी घालून जेवतो, पंगतीत वाढतो, चपलेचा पट्टाही खाली वाकून लावतो. वाकण्याचा मोठा भाग खुब्यातून होतो, हे मला त्याच्याकडे बघूनच कळलं.

माझं मन फिरलं ते त्या वाट बघण्यामुळे. द्राक्षवाल्याला हे कलमाच्या भाषेत लगेच समजेल. डॉगरिज जातीच्या खुंटावर आपण काडी भरतो, फीत गुंडाळतो, आणि जीव धरेपर्यंत तिला हलू देत नाही. मणके जोडण्यातही स्क्रू आणि दांडे म्हणजे फक्त ती फीत. खरं काम हाडाचं. दोन मणक्यांमध्ये हाड भरतात, ते वाढून एकजीव व्हावं लागतं, आणि त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सुरुवातीचे महिने वाकू नका, कंबर पिळू नका, वजन उचलू नका.

दादाचं ऑपरेशन माल उतरल्यावर मार्चमध्ये झालं. एप्रिलची खरड छाटणी त्याने बांधावर खुर्ची टाकून बघितली. त्या छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत काडीत घड तयार होतो, त्यामुळे तेव्हा मालक वेलीखाली नसला की त्याचा हिशेब ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर लागतो. तोही लागला. दर तपासणीला एक्स-रे, आणि दर वेळी एकच उत्तर: अजून पूर्ण जुळलं नाही. वहिनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायच्या, "जुळलं का ओ?" चौदा महिने घरात हा एकच शब्द होता. त्यात दादाला तंबाखूची सवय. निकोटिनमुळे नव्या हाडाला रक्त कमी मिळतं आणि जुळणी लांबते, कधी होतच नाही. ऑपरेशनआधी त्याला कुणीतरी बसवून हे नीट सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हे तितकंच लागू आहे.

माझी वेळ आली तेव्हा दादा सोबत होता. त्याने डॉक्टरांना एकच विचारलं, "ह्यात जुळायची वाट बघाय लागती का?" डॉक्टर म्हणाले, यात जुळायचं ते फक्त गादीच्या वर-खालच्या धातूच्या पत्र्यांना मणक्याच्या हाडाशी, मधला भाग हलायलाच हवा. मी तिथेच अर्धा तयार झालो.

वर-खाली धातूचे दोन पत्रे आणि मध्ये टणक पॉलिथिनची गादी, अशी ही रचना. ती नवीन नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात १९८४ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. तिच्या दोन निर्मात्यांपैकी एक कारिन ब्युटनर-यांत्स. या बाई १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या आणि नंतर हाडांच्या डॉक्टर झालेल्या. पाठीची किंमत जिला ठाऊक, तिने ती हलती ठेवायचा मार्ग शोधला, हे मला फार भावलं. अमेरिकेत या गादीला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

पण हे ऑपरेशन पोटातून होतं, आणि याचा विचार शांतपणे करा. आतडी बाजूला सारून, कमरेसमोरच्या मोठ्या रक्तवाहिन्या सांभाळून मणक्यापर्यंत जावं लागतं. म्हणून मणक्याच्या सर्जनबरोबर रक्तवाहिन्यांचा सर्जन टेबलाशी असणार का, हे आधी विचारा. पाठीचे स्नायू कापले जात नाहीत, हा फायदा मला जाणवला; पहिले तीन दिवस पोट फुगून जीव नकोसा झाला, हेही खरं. पुरुषांमध्ये, विशेषतः सगळ्यात खालच्या जागेच्या ऑपरेशनात, वीर्य उलट मूत्राशयात जाण्याचा धोका थोडा असतो. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी लाज न बाळगता हे विचारावं. पुढे कधी गादी काढायची वेळ आली, तर त्या रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होतं. कधी गादीभोवती हाड वाढून ती हलायचीही थांबते.

आणि ही गादी सगळ्यांना चालत नाही. ती फक्त मणक्याच्या पुढच्या बाजूची झीज भरून काढते. मणक्याच्या मागचे छोटे सांधे झिजले असतील तर तिथलं दुखणं तसंच राहतं. मणका पुढे सरकलेला असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तरी नाही. माझ्या आईसारख्या सत्तरीतल्या बाईला मी हिचं नावही सुचवणार नाही. तिथे मणके जोडणं हा खराच चांगला मार्ग ठरू शकतो.

मधले पर्याय मीही विचारले होते. मागून स्क्रू, पण मध्ये दांड्याऐवजी दोरी आणि लवचिक नळी, अशी एक पद्धत आहे. पण जे हलतं त्याला धरून ठेवायचं काम स्क्रूवर पडतं, आणि ते ढिले होण्याची तक्रार आहे. मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये बसवायचा धातूचा 'यू' आकाराचा तुकडा हा नस दबून चालता न येणाऱ्या वयस्कांसाठी आहे. माझ्या दुखण्याला दोन्ही लागू नव्हते.

हलती गादी बसवली की वरचा मणका वाचतो, असंही सांगतात. जोडलेल्या मणक्याच्या शेजाऱ्यावर ताण वाढतो हे पटण्यासारखं आहे, पण ती झीज वयानेही होते. मी तेवढ्यासाठी गादी निवडली नाही आणि तुम्हीही फक्त तेवढ्यासाठी निवडू नये, असं नम्रपणे सुचवतो.

माझंही ऑपरेशन मार्चमध्येच झालं. दुसऱ्या दिवशी चाललो. सहा आठवड्यांनी हलकं वाकायची परवानगी मिळाली, तोवर खरड छाटणी संपत आली होती, पण फुटव्यांची विरळणी मी वेलीखाली उभं राहून करून घेतली. वजन मात्र तीन महिने उचललं नाही. ऑक्टोबरला कात्री माझ्याच हातात होती. ढगाळ दिवशी कंबर अजून जड होते, ट्रॅक्टरला मी चांगली स्प्रिंगची सीट बसवली आहे, आणि सलग दोन तासांपेक्षा जास्त ब्लोअर मारत नाही.

खर्च माझा जास्त झाला, कारण गादी परदेशी बनावटीची होती. विमा असेल तर 'मणक्याचं ऑपरेशन' एवढंच विचारू नका. कृत्रिम गादीची रक्कम मंजूर होते का, हे लेखी घ्या. आणि पन्नाशीच्या आत असाल, एकाच जागेचा त्रास असेल, तर एमआरआयची फाईल पुढे ठेवून डॉक्टरांना मागच्या सांध्यांबद्दलच आधी विचारा. ते चांगले आहेत असं उत्तर आलं, तर मी तुमच्या जागी गादीच निवडेन.