ती जळकी वायर आमच्या घरातली नव्हतीच

आमची इमारत ठाण्यात नौपाड्यातली, १९७६ सालची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. वायरिंग भिंतीतल्या लोखंडी पाइपातून गेलेलं, त्या काळी सर्रास वापरायचे तसं अ‍ॅल्युमिनियमच्या वायरचं. इतकी वर्षं निभावलं. गेल्या जुलैत मात्र लाइट फडफडायला लागले. फ्रिज सुरू झाला की स्वयंपाकघरातली ट्यूब मिणमिणायची, मिक्सर लावला की हॉलमधला पंखाही मंदावायचा. एका रात्री घरातलं सगळंच गेलं. जिन्यातला दिवा चालू होता, शेजारीही लाइट होते. सासूबाई ८३ वर्षांच्या, रात्री दोनदा उठतात. अंधारात त्या पडल्या तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मोबाइलवर शोधून जो पहिला इलेक्ट्रिशियन दिसला त्याला फोन लावला.

तासाभरात दोघं हजर. बोलायला गोड. "काकू, आधी आजींना बाहेरच्या खोलीत बसवा," असं म्हणून त्यांतल्या एकानं सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घातला, तो पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिथेही पेटला. "बघितलंत? दोन्हीकडे करंट. भिंतीत उतरलाय. आख्खं वायरिंग शॉर्ट आहे." मग शिडी लावून माळ्यावरच्या जंक्शन बॉक्सपाशी गेला आणि वीतभर वायर घेऊन खाली आला. लाल प्लॅस्टिक वितळून गुठळी झालेलं, आतलं तांबं काळं ठिक्कर. माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजची रात्र काढलीत हे नशीब."

ती वायर हातात धरून मी उभी होते आणि मला एवढंही सुचलं नाही, की आमच्या घरात तांब्याची वायर नाहीच. जुना होल्डर बदलताना मी स्वतः पाहिलं होतं, पांढरट, जाड, अ‍ॅल्युमिनियमची तार. तो तुकडा त्याच्या पिशवीतून आला होता. हे मला दीड महिन्यानं कळलं.

२० हजार आगाऊ घेतले, एकूण बिल ४६,५००. काम दोन दिवस चाललं. आम्ही पहिला दिवस घरी होतो, दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, धूळ होईल, आजींना घेऊन कुठे तरी जा. नणंदेकडे गेलो. परत आलो तेव्हा नवे बोर्ड, नवे स्विच, दाराशी एमसीबीचा, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, चकचकीत डबा. लाइट छान लागत होते. पैसे देऊन टाकले.

गणपतीच्या आठ दिवस आधी मखराच्या माळा लावल्या आणि पुन्हा तेच. मिक्सर लावला की सगळं घर मंद. त्याला फोन केला तर म्हणे हा मेन लाइनचा प्रॉब्लेम, १२ हजार वेगळे लागतील. नंतर फोन उचलणंच बंद केलं.

नणंदेनं कोपरीतले एक वयस्कर वायरमन पाठवले. आल्याआल्या त्यांनी परवान्याचं कार्ड दाखवलं, मी मागितलं नव्हतं तरी. मग विचारलं, "एकाच खोलीत होतं, की सगळीकडे एकदम?" सगळीकडे, म्हटलं. "मग वर काय बघायचं? चला खाली." त्यांनी एकाही स्विचला हात लावला नाही, सरळ मीटर रूममध्ये गेले.

मीटरच्या पुढे आमचा जो मेन स्विच आहे तो बंद करून त्यांनी झाकण काढलं आणि मला बॅटरी धरायला लावली. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जाणाऱ्या तारेचा, स्क्रू सैल होता. वायरचं टोक काळं, त्यावरचं रबर कडक होऊन पापडासारखं तडकलेलं. काकांनी बोट लावलं तर तुकडा गळून पडला. सैल जागी कार्बन धरतो, लोड वाढला की तिथेच वायर तापते आणि घरातलं व्होल्टेज खाली येतं, असं त्यांनी समजावलं. न्यूट्रल पूर्ण सुटला, की चालू असलेल्या दिव्यातून फेज, म्हणजे आत येणारा करंट, उलटा न्यूट्रलच्या तारेत येतो, म्हणून टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. भिंतीत करंट उतरण्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या माणसानं डबा बसवताना हा मेन स्विच उघडबंद केला असणार, त्यात टोक थोडं टेकलं आणि महिनाभर चाललं. टोक कापून, त्यावर नवीन लग (धातूची टोपी) दाबून, स्क्रू घट्ट करायला २० मिनिटं लागली. ४५० रुपये.

मग आम्ही वर गेलो. काकांनी बेडरूमचा नवा बोर्ड उघडला आणि नवी लाल वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. दोन बोटं बाहेर आली आणि तिच्या मागे टेप गुंडाळलेला जॉइंट, त्याच्या पलीकडे आमचीच जुनी अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येक बोर्डात तसंच. पाइपातून एकही नवीन वायर गेलेली नव्हती. बिलात मात्र ९० मीटरच्या १२ कॉइल. आमचं घर ४५० चौरस फुटांचं! तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम नुसतं पिळून टेप मारला की ती जागा कालांतरानं तापते, म्हणजे आधी घरात नव्हता तो धोका आम्ही पैसे मोजून भिंतीत घालून घेतला. दिव्यांच्या लाइनला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी लागतो, तिथे ३२चा लावलेला. वायर जळेल, पण तो पडणार नाही. आणि शॉक लागला तर वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी? त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. काकांनी मला दाबायला सांगितलं. दाबलं, काहीच झालं नाही. वायर त्याच्यातून गेलीच नव्हती, तो नुसता डब्यात बसवून ठेवला होता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पैशांची लबाडी एक वेळ समजू शकते, पण त्यानं सासूबाईंना खुर्चीत बसलेलं पाहिलं होतं.

म्हणून कळकळीनं सांगते. जळकी वायर दाखवली, तर ती कुठून काढली ते शिडीवर चढून स्वतः बघा, नाहीतर शेजाऱ्याच्या मुलाला चढवा. वायरमन परवाना विचारायला संकोचू नका. कॉइल आपण स्वतः बाजारातून आणा, आम्ही जांभळी नाक्यावरून आणतो तशा, आयएसआयचा शिक्का आणि वायरवरचा छाप बघून, आणि वायर ओढत असताना घरी थांबा. जुनी वायर पाइपातून बाहेर आलेली तुमच्यासमोर जमिनीवर पडली पाहिजे. ती दिसली नाही तर नवीन गेलेली नाही. पैसे द्यायच्या आधी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. शेजाऱ्यांचेही लाइट एकदम मंद किंवा अतिप्रखर होत असतील, तर कोणालाही न बोलावता मेन बंद करा आणि वीज कंपनीच्या १९१२ला फोन लावा, कारण तो बिघाड घराबाहेरचा असतो. मीटरच्या सीलला हात लावू द्यायचा नाही.

वायरिंग आम्ही दिवाळीआधी खरोखरच बदललं, काकांकडूनच. सगळ्या घराला सहा कॉइल पुरल्या. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, बिल आणि फोटोंसह तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेले होते. त्यांच्या दाराशी तसाच चकचकीत डबा. मे महिन्यात बसवला म्हणाले, भिंतीत करंट उतरला होता म्हणून. त्यांना विचारून मी टेस्टचं बटण दाबलं. खटका पडला नाही. उद्या सकाळी दहा वाजता काका त्यांच्याकडे येणार आहेत.