रिसीव्हर ट्रू करताना: पायलटचा रीमर-टॅप संच की लेथवरचं फिक्स्चर?

बोल्ट-ॲक्शन रायफलचा रिसीव्हर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग, ट्रू (अचूक सरळ) करायचा म्हणजे बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) ज्या पोकळीत मागेपुढे सरकतो तिचा अक्ष प्रमाण मानायचा. बॅरलचे आटे त्या अक्षाशी समकेंद्री हवेत. रिसीव्हरचं तोंड आणि बोल्टचे लग (तो अडकवून धरणारे खुंट) टेकतात त्या आतल्या बैठका त्याच्याशी काटकोनात हव्यात. दोन्ही पद्धतींचं ध्येय हेच आहे. तो अक्ष पकडण्याची तऱ्हा मात्र वेगळी, आणि निवड तिथेच ठरते.

रीमर-टॅप संचात कापणारी हत्यारं (आटे पाडणारा टॅप, बैठका कापणारा कटर) सरळ ठेवणारा लांब दांडा, म्हणजे पायलट, असतो आणि तो पोकळीत बसवलेल्या दोन बुशांमधून (आधार देणाऱ्या कड्यांमधून) फिरतो. कारखान्यात पोकळीचं माप प्रत्येक नगाला थोडं बदलतं, म्हणून किंचित लहानमोठ्या व्यासाचे बुश लागतात. बुश सैल बसला तर सगळं काम तेवढंच तिरपं होतं, आणि ते दाखवायला इंडिकेटर (सुईने बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावलेला नसतो. काम हाताने, सावकाश, भरपूर कटिंग ऑइल घालून होतं. मोठं मशीन लागत नाही. या संचाची खरी किंमत पुढे मोजावी लागते. 1962 साली आलेल्या रेमिंग्टन 700 चे आटे मुळात 1.0625 इंच व्यासाचे, इंचाला 16. मोठ्या मापाचा टॅप ते साधारण 0.010 इंचाने, म्हणजे पाव मिलिमीटरने वाढवतो. मग प्रमाणित आट्यांचं तयार बॅरल त्यात ढिलं बसतं. त्या रिसीव्हरला यापुढे प्रत्येक बॅरल मापाने आटे पाडूनच द्यावं लागतं.

लेथवर रिसीव्हर एका नळीसारख्या फिक्स्चरमध्ये धरतात. तिच्या दोन्ही टोकांना चार-चार स्क्रू असतात. पोकळीत ग्राइंड केलेला मॅण्ड्रेल (अचूक गोल दांडा) घालायचा, 0.0001 इंच दाखवणारा टेस्ट इंडिकेटर त्यावर दोन ठिकाणी टेकवायचा आणि दोन्ही टोकं आळीपाळीने जुळवत सुई स्थिर करायची. बराच वेळ यातच जातो, आणि जाऊ द्यावा. रिसीव्हरची भिंत पातळ असते. स्क्रू जास्त आवळले तर तो दबतो आणि सोडल्यावर पुन्हा आकार बदलतो. त्यानंतर जुने आटे बरोबर पकडून टूलने एकेक हलका कट घेता येतो. चारही बाजूंनी धातू चकाकला की थांबायचं. चूक थोडी असेल तर धातूही थोडाच जातो, आणि लेथचा मोठा फायदा मला हाच वाटतो. अवघड भाग लगच्या बैठकांचा: लांब बोरिंग बार, त्यात मध्येच तुटणारा कट. बार थरथरला की पृष्ठभाग खवल्यांचा होतो. या एका कामात पायलटचा कटर सरस ठरतो.

लग नुसते पॉलिश पेस्टने लॅप करणं, म्हणजे बैठकांवर घासून बसवणं, हा तिसरा पर्याय अनेकदा सुचवला जातो. त्याने संपर्क वाढतो, काटकोन येत नाही. बैठका सरळ झाल्यावर शेवटचा हात म्हणून तो ठीक आहे.

पद्धत कोणतीही असो, लग आणि बैठकांवरून धातू गेला की बोल्ट मागे सरकतो. हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस पुढे जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) बदलतो, म्हणून चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) नव्याने बसवून गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. बोल्ट हँडल आणि कॅम (हँडल उचलताना बोल्टला मागे ढकलणारा उतार) यांतलं अंतर वाढून रिकामं काडतूस सोडवण्याची ताकदही कमी होते. माउझर 98 सारख्या केस-हार्डन रिसीव्हरमध्ये तर बैठकांना अगदी जपून हात लावावा: वरचा कठीण थर पातळ असतो, आणि तो गेला की लग मऊ धातूत रुतू लागतात.

एखाददुसरीच रायफल असेल तर दोन्हींपैकी कोणताच संच विकत घेऊ नका. लेथ आणि फिक्स्चर असलेल्या परवानाधारक गनस्मिथकडे द्या. कधीकधी रिसीव्हर येत राहत असतील आणि लेथचा स्पिंडल अरुंद असेल, तर पायलट संच घ्या, मात्र प्रत्येक रिसीव्हरवर आट्यांचं नवं माप नोंदवून ठेवा. हे काम नियमित करायचं असेल तर फिक्स्चर, चांगला इंडिकेटर आणि मॅण्ड्रेल घ्या, आणि बैठकांपुरता पायलटचा कटर जोडीला ठेवा. रिसीव्हर नवीन कस्टम ॲक्शनचा असेल, उष्णोपचारानंतर मशीन केलेला, तर आधी फक्त इंडिकेटर लावून बघा. बहुतेकदा कापण्यासारखं काहीच सापडत नाही.