कूलरच्या घरात भारी हेडफोन: तीन जोड्या आणि केबलचा हिशेब

भारी हेडफोन घेतला की महिनाभरात डोक्यात किडा वळवळायला लागतो: सोबत आलेली केबल साधीच दिसते, पंधरा-वीस हजारांची चांदीची घेतली तर? नका घेऊ. ते पैसे आधी हेडफोनात, मग अँपमध्ये (हेडफोनला जोर पुरवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये) आणि उरलेच तर खोलीच्या वायरिंगमध्ये घाला. कारण पुढे येईलच, पण आधी तीन जोड्यांचं बोलू: सेनहायझर एचडी 600, हायफायमन सुंदरा आणि बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो.

पहिल्या दोन्ही उघड्या पाठीच्या. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. मार्चपासून जूनपर्यंत विदर्भातल्या खोलीत कूलर फुल्लवर असतो. पंख्याचा घोंघाट, टुल्लू पंपाची गुरगुर, ताट्यांवरून टपटपणारं पाणी हे सगळं उघड्या हेडफोनात गाण्याच्या बरोबरीनं ऐकू येतं. मग आवाज वाढवला जातो आणि तासाभरात कान दुखतात. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असेल तर बरं, खोलीतच असेल तर उन्हाळ्यापुरता डीटी 770. त्याच्या बंद कपांनी पाण्याचा आणि वाऱ्याचा सळसळाट बराच कमी होतो, पंख्याचा खर्ज मात्र थोडा येतोच. चष्मा असेल तर काडीजवळ गादी उचलली जाते आणि तिथूनच आवाज शिरतो. जाड काडीच्या चष्म्यात हा हेडफोन निम्मा वाया जातो.

आता आवाज. एचडी 600 हा 1997 सालचा आणि गळ्यासाठी अजूनही त्याला तोड नाही. ख्याल असो की खंजिरी भजन, गाणारा समोर बसल्यासारखा वाटतो, शब्द सुटे येतात. उणीव खाली आहे: डग्ग्याचा घुमारा येतो, पण पोटात जाणवत नाही. सुंदरा तिथे वरचढ. तिचा आवाज काढणारा पडदा पातळ नि सपाट, चुंबकांजवळ ताणलेला, त्यामुळे खर्ज अगदी तळापर्यंत सरळ जातो. तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकायची असेल तर सुंदराच. गळा मात्र ती दोन पावलं मागे नेते. डीटी 770 ला खर्ज भरपूर आणि वरचा सूर टोकदार; खंजिरीच्या झांजा आणि 'स', 'श' कानाला चावतात. इक्वलायझरमध्ये (सूर कमी-जास्त करायच्या ॲपमध्ये) 8 किलोहर्ट्झच्या आसपास 4 डेसिबल उतरवा, खूप सुसह्य होतो.

वजनाचाही विचार करा. एचडी 600 साधारण 260 ग्रॅम, सुंदरा 372. एका मैफिलीच्या लांबीत हा फरक मानेला कळतो. एचडी 600 नवा असताना मात्र डोकं शिकंज्यात धरल्यासारखं दाबतो. त्याच्या पट्टीचे धातूचे दांडे पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी थोडे थोडे वाकवायचे, घालून बघायचं, पुन्हा वाकवायचं. एकदम जोर लावला तर प्लास्टिक तडकतं.

अँपचं गणित सोपं आहे. एचडी 600 चा रोध (विजेला होणारा अडथळा) 300 ओहम, म्हणजे 1 व्होल्टला तो जेमतेम 3.3 मिलिअँपिअर ओढतो. त्याला करंट नको, व्होल्ट हवेत. सुंदरा 37 ओहमची, त्याच 1 व्होल्टला 27 मिलिअँपिअर मागते. म्हणून फोनच्या छोट्या डोंगलवर (फोन आणि हेडफोन यांच्या मध्ये लावायच्या तुकड्यावर) एचडी 600 स्वच्छ वाजतो पण हळू, आणि सुंदरा मोठ्यानं वाजते पण अशक्त डोंगल असेल तर ताशा-ढोलाच्या ठोक्याला फाटते. अँप घेताना त्याचा आउटपुट रोध, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला रोध, बघा. हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून कमी असला की झालं. जुन्या स्टिरिओच्या पुढच्या, हेडफोन लावायच्या भोकात बहुतेक वेळा 100 ओहमच्या वरचा रेझिस्टर बसवलेला असतो. एचडी 600 चा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, खर्जात तो 500 च्याही वर चढतो. त्यामुळे अशा भोकावर त्याचा खर्ज डेसिबलभर फुगतो.

आता हाच हिशेब केबलला लावा. 3 मीटरची बऱ्यापैकी बारीक केबल धरा, 28 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप). जाऊन-येऊन रोध होतो सुमारे 1.3 ओहम. एचडी 600 वर तिच्यामुळे खर्जात पडणारा फरक 0.02 डेसिबलहूनही कमी. 18 ओहमच्या एखाद्या सपाट पडद्याच्या हेडफोनवर तीच केबल 0.6 डेसिबल खाते, पण सगळ्या सुरांत सारखेच. व्हॉल्यूमचं बटण केसभर फिरवलं की भरपाई झाली. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 6 टक्के चांगली वाहक. तेवढा फायदा तांब्याची तार किंचित जाड घेऊनही मिळतो.

मग नवी केबल लावल्यावर काहींना फरक ऐकू का येतो? ऐकू येतो हे खरंही असतं. एक तर अर्ध्या डेसिबलनं मोठा आवाज 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुसरं, केबल बदलताना प्लग निघून पुन्हा बसतो आणि काळवंडलेला संपर्क घासून निघतो. पावसाळ्यात हे हमखास होतं. नवी केबल घेण्याआधी जुनीच चार-पाच वेळा काढून घाला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बऱ्याचदा वीस हजार वाचतात. बॅलन्स्ड 4.4 मिमीच्या प्लगचंही (यात दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) तेच: अँपच्या त्या भोकातून व्होल्ट साधारण दुप्पट येतात, म्हणजे 6 डेसिबल जास्त. एचडी 600 ला ते उपयोगी पडतं, पण करामत अँपची असते, तारेची नाही.

केबल खरी बिघडते ती वेगळ्याच जागी. प्लगच्या मानेशी, जिथे ती रोज वाकते, तिथे आतले तंतू एकेक करून तुटतात आणि एका कानाचा आवाज ये-जा करतो. मल्टिमीटर 200 ओहमवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून आकडा लिहून ठेवा (0.3 वगैरे येतो, तो वजा करायचा). मग प्लगचं टोक आणि डाव्या कानाची पिन यांत मोजा, मोजतानाच मान हलवा. आकडा नाचला की तिथेच तुटलंय. दोन इंच कापून नवा प्लग टाकायला मोबाइल दुरुस्तीवाला नाहीतर गावातला डीजेवाला पुरतो. एचडी 600 च्या कानाकडच्या पिना मात्र मऊ प्लास्टिकमध्ये बसवलेल्या, सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आणि एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या तर दोन्ही कानांत आवाज येतो, पण गायक डोक्याच्या मधोमध न राहता विरघळतो, खर्ज पातळ होतो. हेडफोन बिघडला असं समजून लोक परत पाठवायला निघतात. डीटी 770 ची केबल आतच सोल्डर केलेली असल्यानं तिथे कप उघडावाच लागतो. जमिनीवर लोळणारी 3 मीटर केबल उंदरांनाही फार आवडते, रात्री गुंडाळून कपाटात.

खरखर, घूंघूं येत असेल तर संशय केबलवर नको, अर्थिंगवर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. घरघर गेली, तर दोष घराच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिल-मे महिन्यात कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा ऐका. फरक पडला तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या येत असतील तर हे आधी, गाणी नंतर. लाइन गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर काही ट्रान्सफॉर्मरवाले अँप गुणगुणतात. तेव्हा फोन, डोंगल आणि हेडफोन एवढंच ठेवा.

गाद्यांमध्ये रेक्झिनच्या घामानं सुटतात, मखमली टिकतात, पण कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांवर रुईचे तंतू चिकटतात. चिकटपट्टीनं उचलून काढा. एचडी 600 च्या गाद्या काढून कोमट पाण्यात धुता येतात, सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवायच्या नाहीत. दाबून चपट्या झाल्या की पडदा कानाजवळ येतो आणि आवाजच बदलतो. नवी केबल शोधायची वेळ आली असं वाटलं, की आधी गाद्यांची जाडी बोटानं दाबून बघा.